ग्राथेच्या माळावर: तीन पणतू आणि एक सिंहासन

शुक्रवार : कोपनहेगन

कोपनहेगनच्या होयब्रो चौकात अब्सालोनचा पुतळा आहे. घोड्यावर स्वार, अंगात चिलखत, हातात कुऱ्हाड. हा माणूस बिशप होता हे पुतळ्याकडे बघून पटकन पटत नाही. पण बाराव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये बिशप लढायला जात, आणि अब्सालोन तर त्यात सर्वांत पुढे असे. ११६७ च्या सुमारास त्याने इथे एक गढी बांधली आणि तिच्याभोवती हे शहर वाढलं. आजचं डॅनिश संसदभवन ज्या क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्यात भरतं, त्याच्या तळघरात त्या गढीच्या भिंती जपून ठेवल्या आहेत.

मला मात्र अब्सालोनशी काम होतं ते वेगळ्या कारणाने. २३ ऑक्टोबर ११५७ रोजी जटलंड या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पातल्या ग्राथे नावाच्या माळावर डेन्मार्कच्या गादीचा निकाल लागला. त्या लढाईची आणि तिच्या आधीच्या रक्तपाताची जी सविस्तर कथा आज सांगितली जाते, ती जवळजवळ सगळी लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या साक्सो नावाच्या एका डॅनिश लेखकाकडून आलेली आहे. साक्सोला इतिहास लिहायला बसवलं अब्सालोनने. अब्सालोन हा जिंकलेल्या राजाचा, म्हणजे वाल्डेमारचा, बालमित्र, आणि मुख्य प्रसंगाचा साक्षीदारसुद्धा. म्हणजे ही जेत्याच्या घरची बखर आहे. आपल्याकडे बखरी वाचलेल्या माणसाला अशा मजकुराची गोडी आणि धोका दोन्ही ठाऊक असतात. जिथे घडलं तिथे जाऊन, त्या त्या जागी ती बखर पुन्हा वाचायची, एवढाच या सहलीचा बेत होता.

भाची आऱ्हुसला शिकते. डॅनिश तिला चांगली येते, गाडीही तीच चालवणार होती. "मामा, पाच दिवस फक्त मेलेले राजे?" तिने पुतळ्याखालीच विचारलं. मी म्हटलं, "मेलेले राजे आणि त्यांना मारणारे भाऊ."

शनिवार : रोस्किल्ड

कोपनहेगनहून रोस्किल्ड तीसेक किलोमीटर. फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, टोकाशी टेकडीवर लाल विटांचं कॅथेड्रल, दोन निमुळते मनोरे. १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. डेन्मार्कच्या चाळीसेक राजा-राण्या इथे पुरलेल्या आहेत, त्यामुळे बहुतेक पर्यटक कबरींच्या कपेल्यांमधून, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांमधून, फिरतात. पहिल्या मार्गारेटची संगमरवरी शवपेटी थांबून बघण्यासारखी आहेच. पण मी आधी गेलो मुख्य वेदीजवळच्या खांबांकडे. त्यांतल्या एका खांबात स्वेन एस्ट्रिडसन या राजाच्या अस्थी चिणलेल्या आहेत. हा १०७६ मध्ये वारला. त्याला वीसेक मुलं, आणि त्यांतले पाच जण एकामागोमाग एक डेन्मार्कचे राजे झाले.

सगळा गुंता इथून सुरू होतो. थोरल्याने गादीवर बसावं असा कायदा तेव्हा नव्हता. राजवंशातल्या कोणालाही लोकांची सभा, म्हणजे तिथली 'थिंग', राजा म्हणून घोषित करू शकत असे. जटलंडची थिंग व्हीबोर्गला, शीलंडची (हे कोपनहेगनचं बेट) रिंगस्टेडला, स्कोनेची (हे आजच्या स्वीडनचं दक्षिण टोक) लुंडला. तिघींनी तीन वेगळी माणसं उभी केली तरी ती तिन्ही कायदेशीर. पाच मुलगे राजे झाल्यावर नातवांनी आणि पणतूंनी गप्प का बसावं?

११५७ चे तिन्ही दावेदार या खांबातल्या माणसाचे पणतू होते. स्वेन तिसरा, क्नूड पाचवा आणि वाल्डेमार. स्वेन आणि वाल्डेमार सख्खे चुलतभाऊ, क्नूड थोडा लांबचा. स्वेनला ११४६ मध्ये शीलंड आणि स्कोनेने राजा केलं, त्याच वर्षी जटलंडने क्नूडला. दोघांची अकरा वर्षं मारामारी चालली. ११५२ मध्ये जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मेर्सेबुर्गला निवाडा करून स्वेनच्या बाजूने कौल दिला, तोही टिकला नाही. वाल्डेमार आधी स्वेनकडे होता, ११५४ मध्ये क्नूडकडे गेला. स्वेन परागंदा झाला आणि जर्मन मदत घेऊन परत आला. शेवटी ११५७ च्या उन्हाळ्यात सगळे थकले. राज्याचे तीन वाटे झाले: जटलंड वाल्डेमारला, बेटं क्नूडला, स्कोने स्वेनला. दिलजमाईची मेजवानी ठरली रोस्किल्डला, ९ ऑगस्ट रोजी.

कॅथेड्रलच्या शेजारी आज अठराव्या शतकातला पिवळा राजवाडा उभा आहे. त्या रात्रीचं काहीच इथे उरलेलं नाही. हे विटांचं कॅथेड्रलसुद्धा नंतरचं, ११७० च्या दशकात अब्सालोनच्या काळात सुरू झालेलं. आम्ही चौकातल्या बाकावर बसलो, भाचीने डबा उघडला, आणि मी तिला तो प्रसंग वाचून दाखवला.

जेवणं झाली आहेत. वाल्डेमार पटावरचा खेळ खेळतो आहे, क्नूड शेजारी. स्वेन उठतो आणि मागच्या दाराने निघून जातो. मग त्याचा माणूस डेटलेव्ह आत येतो, इशारा होतो आणि नंग्या तलवारी घेतलेली माणसं घुसतात. वाल्डेमार अंगावरचा झगा हाताला ढालीसारखा गुंडाळून उडी घेतो आणि डेटलेव्हवर धडकतो. मांडीला जखम होते, पण तो दारातून निसटतो. दिवे विझलेले. क्नूडच्या डोक्यावर तलवार बसते आणि तो कोसळतो. अंधारात अब्सालोन एका मरणाऱ्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. त्याला वाटतं हा वाल्डेमारच. आपला मित्र गेला असं समजून तो शेवटपर्यंत तसाच बसून राहतो. नंतर कळतं की मांडीवर क्नूड होता.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मांडीवर डोकं घेऊन बसल्याचं खोटं नसणार, मामा. असलं कोण मुद्दाम रचेल?" मलाही तसंच वाटतं. साक्सोच्या सगळ्या ग्रंथात अब्सालोनचा स्वतःचा आवाज जर कुठे ऐकू येत असेल तर तो इथे. म्हाताऱ्या बिशपने तीसेक वर्षांनी आपल्या लेखकाला सांगितलेली ही आठवण असणार.

पण लगेच दुसऱ्या दिवशी काय झालं तेही साक्सोनेच लिहून ठेवलं आहे, आणि माझ्या मते सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची नोंद ती आहे. स्वेनने रोस्किल्डमध्ये थिंग बोलावली आणि स्वतःचा झगा लोकांपुढे धरला. झग्याला भोकं पडलेली. हल्ला माझ्यावर झाला, या दोघांनी मला मारायचा कट केला होता, मी जीव वाचवला, असं त्याचं म्हणणं. साक्सो अर्थातच ते धादांत खोटं ठरवतो. बहुधा ते खोटंच होतं. तरी हरलेल्या माणसाची बाजू म्हणून आपल्याला मिळते ती एवढीच: शत्रूच्या बखरीत अडकून राहिलेला एक भोकं पडलेला झगा.

संध्याकाळी फ्योर्डच्या काठावर गेलो. अकराव्या शतकात शत्रूला रोस्किल्डचा मार्ग बंद करण्यासाठी इथून थोडं उत्तरेला स्कुल्डेलेव्हजवळ जहाजं दगड भरून बुडवली होती; १९६२ मध्ये पाच जहाजं बाहेर काढली. त्यांच्यावरून बांधलेल्या प्रतिकृती धक्क्याला उभ्या असतात. ओक लाकडाचा, डांबराचा वास नाकात भरतो. अशाच एखाद्या नावेतून जखमी वाल्डेमार जटलंडला पळाला. स्वेनने शीलंडच्या नावा फोडून टाकायचा हुकूम सोडला होता, तरी एक नाव मिळाली, आणि वादळात रात्रीचा समुद्र ओलांडून तो पलीकडे पोचला. नावेचा काठ पाण्यापासून किती कमी उंचीवर असतो हे शेजारी उभं राहून बघितलं, तेव्हा त्या रात्रीची धास्ती अंगावर आली.

रविवार : हराल्डस्टेड, रिंगस्टेड, फ्येनेस्लेव्ह

आज सव्वीस वर्षं मागे जायचं होतं. रिंगस्टेडच्या उत्तरेला हराल्डस्टेड नावाचं छोटं गाव आहे. तळं, शेतं, थोडी झाडी. ७ जानेवारी ११३१ रोजी इथल्या जंगलात क्नूड लावार्ड मारला गेला. हा वाल्डेमारचा बाप, श्लेस्विगचा ड्यूक, लोकप्रिय आणि म्हणून धोकादायक. मारणारा त्याचा चुलतभाऊ मॅग्नुस, तत्कालीन राजा नील्सचा मुलगा. नाताळची मेजवानी झाली होती, आणि ती पण रोस्किल्डलाच. नंतर एकट्याने भेटायला ये असा निरोप आला.

निरोप घेऊन आलेल्यांत जर्मनीतला एक गायक होता. त्याला कट माहीत होता आणि न सांगण्याची शपथ घातलेली होती. उघड बोलता येईना म्हणून त्याने वाटेत एक गाणं म्हटलं, क्रीमहिल्डने आपल्या भावांना दग्याने कसं मारलं त्याचं. ते गाणं तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. क्नूड लावार्डला मात्र त्यातला इशारा कळला नाही, किंवा कळून त्याने तो मानला नाही. हत्येच्या ठिकाणी झरा फुटला अशी श्रद्धा पसरली, यात्रेकरू येऊ लागले, कपेला उभा राहिला. आज त्याचे अवशेष आहेत आणि गावाजवळ एक क्रूस आहे. रविवारी सकाळी आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

त्या खुनानंतर एक आठवड्याने, १४ जानेवारीला, वाल्डेमार जन्मला. आई इंगेबोर्ग कीव्हच्या राजघराण्यातली, म्हणून पोराला तिच्या आजोबांचं नाव: व्लादिमीर, त्याचं डॅनिश झालं वाल्डेमार. बापाचा सूड घेतला तो काका एरिक एमुनेने. ४ जून ११३४ रोजी फोटेविकच्या लढाईत मॅग्नुस पडला, पाच बिशपही पडले, आणि थोड्याच दिवसांत राजा नील्स श्लेस्विगमध्ये मारला गेला.

आता नाती नीट लक्षात ठेवायला हवीत. ज्याने सूड घेतला त्या एरिकचा मुलगा म्हणजे स्वेन. ज्याने खून केला त्या मॅग्नुसचा मुलगा म्हणजे क्नूड. म्हणजे वाल्डेमार ११५४ मध्ये आपल्या बापाचा सूड घेणाऱ्याच्या मुलाला सोडून, बापाच्या खुन्याच्या मुलाकडे गेला. एवढंच करून थांबला नाही, क्नूडची सावत्र बहीण सोफिया हिच्याशी त्याची सोयरीक ठरली. ती मॅग्नुसच्या विधवेची दुसऱ्या नवऱ्यापासूनची मुलगी. भाऊबंदकीत रक्तापेक्षा वाटणीचा हिशोब जड होतो हे आपल्याला नवं नाही, तरी हे वाचताना प्रत्येक वेळी मी अडखळतो.

रिंगस्टेडचं सेंट बेंट चर्च गावाच्या मध्यावर, बाजाराच्या चौकाला लागून आहे. ११६० च्या दशकात बांधायला घेतलेलं, विटांच्या बांधकामातलं स्कँडिनेव्हियातलं अगदी सुरुवातीचं. भाजकी वीट तेव्हा या देशात नवलाईची होती, आणि वाल्डेमारने ती मनसोक्त वापरली. २५ जून ११७० रोजी इथे एकाच दिवशी दोन सोहळे झाले. खून झालेल्या बापाच्या अस्थी संत म्हणून वेदीवर ठेवल्या, आणि सात वर्षांच्या मुलाला, सहाव्या क्नूडला, राजमुकुट घातला. वर संत आजोबा, खाली बालराजा, मध्ये स्वतः वाल्डेमार. यापुढे गादी थिंगच्या मर्जीवर नाही, आपल्याच घरात राहणार, हे सांगण्याची याहून ठळक रीत सापडणार नाही.

जमिनीत ओळीने राजघराण्याचे दगड आहेत. वाल्डेमार आणि सोफिया, सहावा क्नूड, दुसरा वाल्डेमार, त्याच्या दोन राण्या डागमार आणि बेरेंगारिया. १८५५ मध्ये राजा सातव्या फ्रेडरिकच्या देखत या कबरी उघडल्या, तेव्हा वाल्डेमारजवळ शिशाची पट्टी सापडली. तिच्यावर त्याचं वर्णन आहे: स्लावांना जिंकणारा, पिचलेल्या मायभूमीचा मुक्तिदाता, शांतता राखणारा. त्याने डानेव्हिर्के तटबंदी भाजक्या विटांनी बांधली आणि स्प्रोये बेटावर बुरूज उभारला, हेही त्यात आहे. ग्राथेचा उल्लेख नाही. मायभूमी कोणाच्या हाताखाली पिचली होती, ते नाव पट्टीवर घालावंसं कोणाला वाटलं नाही.

मान वर करून छतही बघा. तिथे सुमारे १३०० च्या काळातली भित्तिचित्रं आहेत. एका चित्रात कोळी जाळं ओढताहेत आणि जाळ्यात राजाचं प्रेत आहे. हा एरिक प्लोवपेनिंग, वाल्डेमारचा नातू, १२५० मध्ये सख्ख्या भावाच्या माणसांनी मारून पाण्यात टाकलेला. ज्या घराने 'आता गादीसाठी भांडणं नकोत' म्हणून हे चर्च उभारलं, त्याच घरातला हा खून त्याच्याच छतावर रंगवलेला आहे. कोळ्याच्या चेहऱ्यावरचा घाबरा भाव सातशे वर्षांनीही स्पष्ट दिसतो.

परतीच्या वाटेवर फ्येनेस्लेव्हला थांबलो. वाल्डेमार लहानाचा मोठा झाला तो इथल्या अस्सेर रिगच्या घरी, अब्सालोन आणि एस्बेर्न या भावांसोबत. गावाच्या चर्चला जुळे मनोरे आहेत. दंतकथा अशी की अस्सेर लढाईला गेला होता. मुलगी झाली तर साधं शिखर, मुलगे झाले तर मनोरे बांध असं बायकोला सांगून गेला, आणि परतताना त्याला लांबूनच दोन मनोरे दिसले. आत कमानीवर नवरा-बायको हातात चर्चची प्रतिकृती धरून उभे आहेत असं जुनं चित्र आहे. बापाविना जन्मलेल्या मुलाला या घराने आपलं मानलं. पुढे त्याच घराने त्याला राज्य दिलं आणि इतिहासही लिहवून दिला.

सोमवार : पूल ओलांडून व्हीबोर्ग

लांबचा प्रवास. शीलंड आणि फ्यून बेटांमधला ग्रेट बेल्ट पूल १९९८ पासून गाड्यांसाठी खुला आहे, दोन्ही तीरांमधलं अंतर १८ किलोमीटर. झुलत्या पुलाचे खांब २५४ मीटर उंच. बरोबर मध्यावर स्प्रोये बेट लागतं, जिथे वाल्डेमारने बुरूज बांधला. गाडी तिथे थांबवता येत नाही. भाचीने वेग जरा कमी केला, मी खिडकीतून टेकाडावरचं दीपगृह आणि हिरवळ पाहून घेतली. समुद्रावर पहारा ठेवायला इतकी मोक्याची जागा दुसरी नाही. (विसाव्या शतकात, १९२२ ते १९६१, याच बेटावर 'वाह्यात' ठरवलेल्या बायकांना कोंडून ठेवत. हे वाचल्यापासून बेटाचं नुसतं कौतुक करवत नाही.)

ओडेन्सेला फक्त चहापुरतं उतरलो. तिथल्या कॅथेड्रलच्या तळघरात आणखी एका क्नूडच्या अस्थी काचेत ठेवल्या आहेत, १०८६ मध्ये बंडखोरांनी चर्चमध्येच मारलेल्या. तोही खांबातल्या स्वेन एस्ट्रिडसनचा मुलगा.

दुपार कलताना व्हीबोर्ग. तळ्याकाठचं टुमदार गाव, वर ग्रॅनाइटचं दोन मनोऱ्यांचं कॅथेड्रल. आजची इमारत १८७६ मध्ये पूर्ण झालेली, पण खालचं तळघर बाराव्या शतकातलं. आत भिंतीभर योआकिम स्कोव्हगोरची बायबलमधली चित्रं आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेली. त्यांना तासभर तरी द्यावा. आम्ही मात्र थेट तळघरात उतरलो. ठेंगणे खांब, जाड भिंती, ऑगस्टमध्येसुद्धा गारवा. ११५७ च्या शरद ऋतूत वाल्डेमार या गावी आला तेव्हा हे दगड इथेच होते.

जटलंडच्या थिंगपुढे उभं राहून त्याने मांडीवरची जखम दाखवली. तिकडे रोस्किल्डला झगा, इकडे व्हीबोर्गला जखम. दोघांनी आपापल्या लोकांपुढे पुरावा मांडला आणि न्याय मागितला. झग्याला भोकं स्वतः पाडता येतात, मांडीतली तलवारीची जखम लपवता येत नाही, असं श्रोत्यांना वाटलं असेल. पण मारल्या गेलेल्या क्नूडला ११४६ मध्ये राजा केलं होतं ते याच जटलंडने, हेही खरं. वाल्डेमारने इथे लगेच सोफियाशी लग्न लावलं आणि क्नूडची सगळी माणसं त्याच्यामागे आली. जखम बोलली, त्याच्या जोडीला लग्नाचा मुहूर्तही कामी आला.

मंगळवार : ग्राथे

व्हीबोर्गहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर थॉर्निंग गाव. त्याच्या पंचक्रोशीत ग्राथेचा माळ. हेर्वाय हा जटलंडच्या कण्यावरून जाणारा जुना लष्करी रस्ता याच टापूतून व्हीबोर्गकडे येतो. सैन्यं, बैलांचे तांडे, यात्रेकरू सगळे त्या वाटेने जात. आता तिथे सायकलवाले आणि पाठीवर पिशवी टाकलेले चालणारे भेटतात.

माळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते इथे नाही. गव्हाची कापलेली शेतं, बटाटे, ओळीने लावलेली सूचिपर्णी झाडं. १८६४ मध्ये डेन्मार्कने दक्षिणेचा मोठा मुलूख गमावला. दोन वर्षांनी एन्रिको डाल्गास आणि मंडळींनी हीथ सोसायटी काढली आणि जटलंडचे उजाड माळ लागवडीखाली आणायचा ध्यास घेतला. ग्राथेही त्यात बदललं. आज लढाईचं मैदान शोधायचं तर पाटी शोधावी लागते. कपेल्याच्या जागी स्मारक आहे. लढाईनंतर इथे एक कपेला बांधला होता आणि स्वेनला तिथेच पुरलं अशी समजूत आहे. एक राजा, पणजोबा रोस्किल्डच्या खांबात, चुलतभाऊ रिंगस्टेडच्या वेदीपुढे, आणि हा इथे शेताच्या कडेला. भाचीने पाटी वाचून मला मराठीत सांगितली, मग आम्ही दोघं गवतात बसलो.

प्रत्यक्ष लढाईबद्दल साक्सो आखडतं घेतो. रात्रीच्या मेजवानीला त्याने जितकी जागा दिली तितकी या निकालाला नाही. एक प्रसंग मात्र त्याने नोंदवला आहे. लढाईची तयारी चालू असताना एक गायक वाल्डेमारच्या सैन्यापुढे स्वेनच्या दग्याचं गाणं म्हणत होता आणि सूड घ्या म्हणून शिपायांना चेतवत होता. रोस्किल्डची रात्र उलटून अडीच महिनेही झाले नव्हते, आणि तिचा पोवाडा तयार होता! साक्सो जन्मायचा होता किंवा पाळण्यात होता, तेव्हाच त्याच्या बखरीचा पहिला मसुदा इथे मोठ्याने गायला गेला. हराल्डस्टेडच्या जंगलात गाणं ऐकूनही एक माणूस मरणाकडे चालत गेला. इथे गाण्यावर अख्खं सैन्य चालून गेलं. शाहिराची ताकद ज्या मुलखाला माहीत आहे, त्या मुलखातल्या माणसाने या माळावर हे वाचावंच.

स्वेनची फळी फुटली. तो पळाला आणि दलदलीत अडकला. घोडा रुतला, चिलखत आणि हत्यारं टाकावी लागली, पायांत बळ उरलं नाही, सोबत्यांनी आधार देऊन चालवलं. शेवटी तो गावकऱ्यांच्या हाती सापडला आणि एका शेतकऱ्याने कुऱ्हाडीने त्याचा शेवट केला. डॅनिश लोक त्याला आजही स्वेन ग्राथे म्हणून ओळखतात, हरलेल्या जागेच्या नावाने.

माझं मन स्वेनपाशी घुटमळतं. त्याने केलं ते अक्षम्य होतं, पानावर बसवून भावाला मारलं. पण साक्सो त्याच्यावर जे इतर आरोप ठेवतो ते वाचा: जर्मन पेहराव केला, जर्मन पद्धतीने जेवू लागला, करांचा बोजा टाकला. यांतलं काय वाल्डेमारने केलं नाही? त्यानेही सम्राट बार्बारोसापुढे मान तुकवली. आणि याच स्वेनने ११४६ मध्ये वाल्डेमारच्या बापाच्या अस्थी आर्चबिशपचा विरोध असताना सन्मानाने वर काढल्या होत्या, पोरक्या चुलतभावाला श्लेस्विगचं ड्यूकपद दिलं होतं. हे दोन्ही स्वेन एकच आहेत. त्याच्या पदरी एखादा साक्सो असता तर तो झगा आज कुठल्या तरी संग्रहालयात काचेत असता.

मला उठावंसं वाटेना. भाचीच म्हणाली, "मामा, खरा माळ बघायचाय ना? चला."

ती मला घेऊन गेली काँगेन्सहूसला, व्हीबोर्गच्या नैर्ऋत्येला. इथे सुमारे १,२०० हेक्टर माळ राखून ठेवला आहे. ऑगस्टअखेर हीथर हे माळावरचं झुडूप फुललेलं असतं. नजर जाईल तिथवर जांभळं, मध्येच जुनिपरची काळपट झुडपं, आणि वारा थांबायचं नाव नाही. झुडूप गुडघ्याइतकंच उंच, पण चालताना पाय ओढून धरतं. देठ लाकडासारखे चिवट. शे-दोनशे पावलं वाट सोडून चाललो आणि पोटऱ्या भरून आल्या. ऑक्टोबरच्या ओल्या दिवसात, चिलखत घालून, मागे माणसं लागलेली असताना हे पार करायचं म्हणजे काय, ते इथे पायांना कळलं. सखल भागात पाणी साचून जमीन मऊ लागते. एका घळीत माळ पहिल्यांदा नांगरणाऱ्या शेतकऱ्यांची नावं कोरलेले मोठे दगड उभे केले आहेत. राजांच्या कबरी बघत आलेल्या मला ते दगड फार आवडले.

संध्याकाळी पुन्हा थॉर्निंगवरून आलो. स्टेन स्टेन्सन ब्लिकर हा या माळांचा मोठा कथाकार १८१९ ते १८२५ इथे पाद्री होता. गावात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. उघडं असताना जायचं असेल तर वेळा आधी बघून घ्याव्यात.

बुधवार : सिल्केबोर्ग

आऱ्हुसला जाताना सिल्केबोर्ग वाटेत लागतं, आणि तिथे टोलुंडचा माणूस आहे. १९५० मध्ये दोन भाऊ दलदलीतला पीट (जळणासाठी वापरायची कुजकी माती) काढत होते, तेव्हा हा सापडला. गळ्यात चामड्याची दोरी, डोळे मिटलेले, हनुवटीवर खुंट. आधी पोलिसांना बोलावलं, कारण ताजा खून वाटला. तो निघाला सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा. शरीर प्रतिकृती आहे, डोकं मूळचं. दलदलीतल्या आम्लाने त्याची कातडी, पापण्या, कपाळावरच्या आठ्यासुद्धा राखल्या. तो शेवटचं काय जेवला तेही कळलं आहे: बार्ली आणि जवसाची लापशी.

त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. जटलंडच्या या दलदलींनी नाव-गाव नसलेल्या माणसाचा चेहरा जपला. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आतल्या दलदलीत संपलेल्या राजाचं आपल्याकडे नाव आहे, तारीख आहे, चेहरा नाही, आणि त्याच्या तोंडचे शब्दसुद्धा त्याच्या शत्रूने लिहिलेले.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांनी गाडी घ्यावी. रोस्किल्ड आणि रिंगस्टेडला रेल्वे सोयीची आहे, व्हीबोर्गपर्यंतही जाता येतं, पण ग्राथे, हराल्डस्टेड आणि काँगेन्सहूसला गाडीशिवाय दिवस वाया जातो. ऑगस्टचा उत्तरार्ध हीथरसाठी उत्तम. सेंट बेंट चर्चला रविवारी प्रार्थना संपल्यावरच जावं, आणि मान दुखेपर्यंत छत बघावं. माझं फोटेविक राहिलं आहे. ते आता स्वीडनमध्ये येतं, ओरेसुंडचा पूल ओलांडून थोडंसंच पुढे, आणि ११३४ मध्ये पाच बिशप जिथे एका दिवसात पडले तो किनारा बघायला भाची यायला तयार आहे. तोवर तिने साक्सोचं डॅनिश भाषांतर वाचायला घेतलं आहे, आणि स्वेनच्या बाजूने समासात टिपणं काढते आहे.